शर्टाचं पान

दत्तवाडे काकूंच्या स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा माझा शर्ट जेवायला बसला होता.

निळ्या चौकटींचा, पूर्ण बाह्यांचा, साखरपुड्यात घातलेला. खुर्चीच्या पाठीवर तो नीट चढवला होता, वरची गुंडीही लावली होती आणि दोन्ही बाह्या टेबलावर, ताटाच्या दोन्ही अंगांना ठेवल्या होत्या. ताटात भात, आमटी, वांग्याची भाजी, अर्धी भाकरी. लिंबाची फोडसुद्धा होती. आमच्या घरी मला लिंबाची फोड मागून घ्यावी लागते.

“बस की,” काकू म्हणाल्या. “त्याचं होत आलंय.”

आईनं दिलेली कोथिंबीर वड्यांची वाटी ओट्यावर ठेवून मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

“काकू, हा माझा शर्ट आहे.”

“मग माझा आहे म्हणाले का मी?”

“जेवतोय तो.”

“पाहुणा आहे. पाहुण्याला उपाशी ठेवायची पद्धत नाही आमच्यात.”

‘आमच्यात’ या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. तो मला तेव्हा कळला नाही.

“खातो किती?” मी विचारलं.

“बेतानं. तुझ्यासारखं ताटात टाकत नाही.”

थोड्या वेळानं त्यांनी ते ताट आपल्यापुढं ओढलं आणि त्यातलंच जेवायला लागल्या. पाहुण्याचं आटोपल्यावर घरच्या बाईनं जेवायचं, इतकं साधं. भिंतीवर दत्तवाडे काकांचा फोटो होता. त्याला हार नव्हता. काका इंडोनेशियातल्या एका कापडगिरणीत फिटर म्हणून गेले ते माझ्या जन्माच्या आधी. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. काकू अजून कुंकू लावत होत्या.

माझा शर्ट तिकडं कसा गेला, तर प्रस्थानामुळं. माझं लग्न केतकीशी झालं. ती ओहायोतल्या कोलंबसला फिजिओथेरपिस्ट, तिकडची नागरिक. लग्नाला आली आणि रजा संपल्यावर परत गेली. मागून मी जायचं होतं. माझी व्हिसाची मुलाखत ठरली तशी आईनं गुरुजींना प्रवासाचा मुहूर्त विचारला. गुरुजी म्हणाले, पुढं बराच काळ चांगला दिवस नाही, तेव्हा येत्या गुरुवारी प्रस्थान ठेवा. म्हणजे माणसाचा एक कपडा, त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधून जायच्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायचं. मुहूर्तावर गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरतात. मग माणसानं सवडीनं जावं, जाताना गाठोडं उचलावं.

“अमेरिका कुठल्या दिशेला?” गुरुजींनी विचारलं.

“दोन्हीकडनं जाता येतं,” बाबा म्हणाले. बाबा भूगोलाचे मास्तर होते.

“विमान कुठून आहे?”

“दुबईवरून.”

“मग पश्चिम.”

आमच्या पश्चिमेला, गल्ली ओलांडली की, दत्तवाडे काकूंचं घर. आईचा चेहरा उतरला. “दुसरी दिशा नाही का चालणार?” तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, “वहिनी, हा देशाचा प्रश्न आहे, माझा नाही.” आई त्या घरी फारशी जात नसे. काही द्यायचं-घ्यायचं असलं तर मला पाठवायची. गाठोडंही मीच नेऊन दिलं. स्वतःचं प्रस्थान स्वतः पोचवणारा इचलकरंजीतला मी बहुधा पहिलाच.

मग मुंबईत मुलाखत झाली. खिडकीपलीकडच्या साहेबानं विचारलं, काम काय करता? मी एका प्रोसेस हाऊसमध्ये केमिस्ट होतो, म्हणजे कापडाला रंग लावण्याच्या खात्यात. तसं सांगितलं. साहेबानं मान वर केली. “रसायनांचं नक्की काय करता?”

“लुंग्या हिरव्या करतो,” मी म्हणालो.

साहेब हसला नाही. त्यानं एक कागद सरकवला. माझ्या प्रकरणाचा अधिक आढावा घेण्यात येईल. किती दिवस, ते सांगता येत नाही.

मी नोकरी आधीच सोडली होती. निरोप समारंभ झाला होता, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. माझ्या खोलीत बाबांनी शिकवणी सुरू केली होती. गल्लीत भेटेल तो आधी दचकायचा, मग विचारायचा, “अजून इथंच?” मेलेल्या माणसाचं निदान तेराव्यापर्यंत सगळं आटोपतं. मी मात्र भाजी आणायला जात होतो.

रोज सकाळी उठून संगणकावर माझा क्रमांक घालायचो. आढावा चालू आहे. मध्ये एकदा त्यांनी प्रश्नांची यादी पाठवली. गेल्या पंधरा वर्षांत कुठं कुठं राहिलात, कुठं गेलात, सध्या मुक्काम कुठं. मी आमचा पत्ता लिहिला. पंचांगाप्रमाणे मी दत्तवाड्यांकडे राहत होतो, ही माहिती मी अमेरिकन सरकारपासून लपवली.

शर्ट जेवताना पाहिला त्या दिवसापासून मला रात्री भूक लागेनाशी झाली. आई ताट वाढायची, दोन घास खाल्ले की पोट भरलेलं.

“बाहेर काही खाल्लंस?”

“नाही.”

“मग?”

“काकूंकडे वांगं होतं,” मी म्हणालो. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या मी काकूंकडे नेऊन शर्टाच्या खिशात ठेवल्या. काकू म्हणाल्या, “त्याला काही झालेलं नाही, तुला झालंय.”

आमच्या गावात दिवसभर मागांचा खडखडाट असतो. त्याची इतकी सवय की तो थांबला तरच ऐकू येतो. एका संध्याकाळी वीज गेली आणि सगळे माग एकदम बंद झाले. त्या शांततेत गल्लीपलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग काकूंचा. “अजून थोडा भात?” मग त्या थांबल्या, समोरचा काही सांगत असेल तसं. मग म्हणाल्या, “बरं, राहू दे.”

मी आमच्या पायरीवर बसून होतो. मला खरंच भात नको होता.

केतकीचे फोन यायचे. आधी आम्ही भांडी कुठल्या कपाटात, असलं बोलायचो. मग हळूहळू बोलायचं कमी झालं आणि ऐकायचं वाढलं. तिनं माझ्यासाठी एक थंडीचा कोट आणून दाराजवळच्या खुंटीवर अडकवून ठेवला होता. काळा, गुडघ्यापर्यंत.

“मी त्याला ‘आले रे’ म्हणते, घरी आल्यावर,” ती म्हणाली.

“तो काय म्हणतो?”

“काही नाही. परवा मी त्याच्याशी भांडले.”

“कोण जिंकलं?”

“कोट. तो बोलतच नाही. तुझ्यासारखाच, फक्त विनोद करत नाही.” मग म्हणाली, “सारंग, मार्चमध्ये घराचा करार संपतोय. दोघांसाठी वाढवू की एकटीसाठी लहान बघू?”

“दोघांसाठी.”

“हे तू मागच्या वर्षीही म्हणालास.”

“मागच्या वर्षीही दोघंच होतो.”

“नव्हतो रे,” ती म्हणाली. “मी आणि कोट होतो. मार्चपर्यंत बघू या. नाहीतर मग काय ते ठरवू.”

‘ठरवू’ हा शब्द मला आजवर दोनदाच इतका लागला. पहिल्यांदा मुंज ठरली तेव्हा.

फोन आईनं ऐकला असावा, कारण सकाळी ती गुरुजींकडे गेली. तिनं विचारलं, प्रस्थान इतके दिवस चालतं का? गुरुजी म्हणाले, “केस जरा किचकट आहे. बघून सांगतो.” मग त्यांचा आढावा सुरू झाला. मी सकाळी अमेरिकेची चौकशी करायचो आणि आई गुरुजींची. दोन्हीकडून एकच उत्तर यायचं. शेवटी गुरुजींकडचं आधी आलं. प्रस्थानाला काही दिवसांचीच मुदत असते, म्हणाले. आता ते शिळं झालं. परत आणा, नवा मुहूर्त काढू.

“जा, घेऊन ये,” आई म्हणाली.

“तू जा की.”

“तू जा. आणि म्हणावं, गुरुजींनी सांगितलंय.”

मी गेलो. दिवेलागण झाली होती, काकू भाकरी थापत होत्या. शर्ट हात धुऊन बसल्यासारखा बसला होता.

“आईनं प्रस्थान परत मागितलंय,” मी म्हणालो. “गुरुजींनी सांगितलंय.”

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावरून पाणी फिरवलं. उलटली. मग म्हणाल्या, “ने. पण तुझ्या आईला म्हणावं, शैला, आधी माझा माणूस दे.”

“कुठला माणूस?”

“तुमच्या माळ्यावर आहे तो.”

मी हसलो. काकूंच्या तोंडावर हसण्यासारखं काही नव्हतं.

“ते पूर्वेला जायचे होते,” त्या म्हणाल्या. “पूर्वेला तुमचं घर. प्रस्थान तुमच्याकडे ठेवलं. तुझी आई तेव्हा नवी नवरी. निघायच्या दिवशी गाडी लवकर आली, गडबडीत हे तसेच बसून गेले. उचललंच नाही. मी म्हटलं, असू दे, येतील तेव्हा बघू. तुझ्या आईला एवढंच विचारलं, त्यांना पान वाढतेस ना गं? ती म्हणाली, हो वहिनी, रोज.”

“रोज?”

“रोज म्हणाली. तू त्या घरात लहानाचा मोठा झालास. पाहिलंस कधी?”

मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे चार ताटं वाढली गेली ती फक्त पाहुणे आले तर.

“तेव्हा उपाशी माणूस कशाला परत येईल,” काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. हवामान सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि भाकरी माझ्या शर्टाला वाढली.

घरी येऊन मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला.

“अगं, ते अजून आहे?” ते म्हणाले. “मला वाटलं तू कधीच टाकून दिलंस.”

“कसं टाकू? माणूस आहे.”

“मग परत नेऊन द्यायचंस.”

“काय सांगून?” आई म्हणाली. “नेऊन दिलं म्हणजे आता येत नाहीत म्हणायचं झालं. ते कुणी म्हणायचं? तुम्ही म्हणाला असतात?”

बाबांनी पेपर पुन्हा वर घेतला.

“आणि पान?” मी विचारलं.

मला वाटलं, आई आता रडेल. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक ओढली. ट्रंकेत माझी लहानपणची दुलई होती, तिच्याखाली एक पांढरं उपरणं. गाठ सुटेना. आईनं ती दातांनी सोडवली. आत अर्ध्या बाह्यांचा बदामी टेरिलीनचा शर्ट. घड्यांवर पिवळे पट्टे पडले होते. तांदळाचं पीठ झालं होतं. सुपारी तेवढी जशीच्या तशी.

“साधं वरण चालेल का त्यांना?” आई म्हणाली. कुणाला, ते मला कळलं नाही. बहुतेक बाबांना.

“त्यांना तिखट लागायचं,” बाबा पेपरामागून म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चौथी खुर्ची मांडली. आईनं शर्ट तिच्यावर चढवला. बाह्या आखूड असल्यामुळं त्या टेबलापर्यंत पोचेनात, तशाच लोंबत राहिल्या. आईनं पान वाढलं आणि चूळ भरायला म्हणून मोरीत गेली, ती बराच वेळ आली नाही. मी आणि बाबा दत्तवाडे काकांसमोर बसून राहिलो.

“प्रवास कसा झाला?” मी विचारलं.

“गप्प बस,” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं तेच हळूच म्हणाले, “गजाननराव, लोणचं घ्या.”

आमच्या दारातून काकूंचं दार दिसतं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि त्या आत गेल्या. सकाळी शेजारच्या पोरीबरोबर जवसाच्या चटणीची वाटी आली. निरोप असा की त्यांना ही लागते, आणि भात मोकळा करत जा म्हणावं.

माझं गाठोडं परत आणायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. गल्लीच्या अलीकडे एक शर्ट जेवत होता, पलीकडे एक. आई सराईत झाली. “आज त्यांनी भाजी ठेवली,” म्हणायची. काकू आता अधूनमधून आमच्या दारापर्यंत यायच्या, आत डोकावायच्या आणि परत जायच्या. नवरा दुसऱ्याच्या घरी जेवत असताना बाईनं मध्ये पडू नये, असं काहीतरी असावं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी क्रमांक घातला आणि वाक्य बदललेलं होतं. पासपोर्ट जमा करा.

केतकीच्या वकिलानं कळवलं, सुरक्षा खात्याची तपासणी पूर्ण झाली. मी ते आईला वाचून दाखवलं.

“हो का,” आई म्हणाली आणि जवसाची चटणी संपली का ते पाहायला गेली.

निघायचा दिवस ठरला. विमान मुंबईहून होतं. गाडी रात्री जेवणं आटोपून निघणार होती, पण ड्रायव्हरला पुण्यात कुणाला तरी घ्यायचं होतं, म्हणून तो दिवेलागणीलाच दारात आला. बाबा पिशव्या ठेवायला लागले. मी गल्ली ओलांडून काकूंकडे गेलो.

“काकू, निघालो. गाडी लवकर आली. ते घेऊन जातो.”

काकू खुर्चीमागं उभ्या होत्या. ताट नुकतंच वाढलं होतं, भातावरून वाफ निघत होती. त्यांनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं.

“आत्ताच वाढलंय रे,” त्या म्हणाल्या. “पण ने. तुझा आहे.”

आणि त्या वरची गुंडी सोडायला लागल्या. गुंडी निघत नव्हती. बाहेर हॉर्न वाजला.

“असू दे काकू,” मी म्हणालो. “पानावरून कशाला उठवायचं.”

काकूंनी गुंडी सोडली नाही. हात काढून घेतला. मग लिंबाची फोड उचलली आणि भातावर पिळली.

“येतो म्हण,” त्या म्हणाल्या.

“येतो.”

गाडीपाशी आई हातावर दही घेऊन उभी होती. “घेतलंस?” तिनं विचारलं.

“जेवतोय,” मी म्हणालो.

आईनं काकूंच्या दाराकडं पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरातही बदामी शर्टाचं ताट वाढून ठेवलं होतं. मला वाटलं, ती मला परत पाठवेल.

“बरं,” ती म्हणाली. “जेवू दे.”

कोलंबसला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी केतकी कामावरून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिनं किल्ली ठेवली, खुंटीकडं बघून म्हणाली, “आले रे,” आणि मग मला पाहून ओरडली. नंतर आम्ही दोघंही हसलो. तो कोट मी घालायला लागलो तशी खुंटी मोकळी राहायला लागली. केतकी कधी कधी त्या खुंटीकडं बघते. कुणीतरी घरातनं गेल्यासारखं वाटतं, म्हणते.

इथं आल्यापासून मी सकाळी काही खात नाही. भूकच नसते. पोट भरलेलं असतं, आणि जिभेवर कधी कधी लिंबू. इथली सकाळ म्हणजे तिकडची दिवेलागण. केतकीला पहिले काही महिने वाटलं, प्रवासाचा शीण आहे. मग ती म्हणाली, शीण इतकी वर्षं टिकत नाही. तिनं माझ्या सगळ्या तपासण्या करवून घेतल्या, अहवाल स्वच्छ आले. शर्टाचं मी तिला सांगितलं. तिला तो विनोद वाटला. माझ्या बाबतीत लोकांचं हे नेहमीच होतं.

गेल्या वर्षी, थंडी सरायच्या सुमाराला, एका सकाळी मी ऑफिसात बसलो होतो. समोर कुणीतरी आकडे दाखवत होतं. आणि मला भूक लागली. साधी नव्हे, दिवसभर उपाशी असल्यासारखी. मी बाहेर आलो, यंत्रातून बिस्किटांचा पुडा काढला आणि तिथंच उभ्याउभ्या सगळा खाल्ला. दुसरा काढला. भूक जाईना.

मग मी घरी फोन लावला. आईनं लगेच उचलला. मागं माणसांचा आवाज होता, आणि माग बंद होते.

“काकूंचं तुला कुणी कळवलं?” आईनं विचारलं.